कंपनीची नोटीस आली म्हणून मुलीचा लॅपटॉप काढून घ्यावा का?

सप्रेम नमस्कार.

आपले सविस्तर पत्र मिळाले. आपली मुलगी संगणक अभियांत्रिकी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाहेरगावच्या तीन मित्रमैत्रिणींबरोबर तिने वीसेक वर्षांपूर्वीचा एक गाजलेला गेम थेट ब्राउझरमध्ये चालेल असा केला, मूळ कंपनीची नोटीस आल्यावर तो ज्या संकेतस्थळावर ठेवला होता तेथून काढला गेला, आणि तेव्हापासून घरात अबोला आहे, असे आपण लिहिता. लॅपटॉप काढून घ्यावा का, पोलिसांचे लचांड मागे लागेल का आणि असल्या उद्योगावर कोणी नोकरी देईल का, असे आपले तीन प्रश्न आहेत. तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आपला कारखाना आहे, तेव्हा संगणकावर ड्रॉइंग काढण्याचे ऑटोकॅड आपल्या रोजच्या परिचयाचे असणार. १९८२ साली बाजारात आलेल्या या सॉफ्टवेअरचा अनेक वर्षांत वाढत गेलेला, सी++ या प्रोग्रामिंग भाषेतील कोड ते बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीने २०१८ मध्ये वेबअसेम्ब्लीच्या (अशा भाषांतला कोड ब्राउझरमध्ये चालवण्याच्या तंत्राच्या) साहाय्याने ब्राउझरमध्ये आणला. सगळे पुन्हा लिहीत बसण्याची वेळ येऊ दिली नाही. फोटोशॉपची वेब आवृत्ती आणि डिझाइन क्षेत्रातले फिग्मा यांच्याही मुळाशी हेच तंत्र आहे. २०१७ मध्ये ते सर्व प्रमुख ब्राउझरांत पोहोचले आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याला अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. आपली मुलगी गेमच्या निमित्ताने जे शिकली, ते हेच काम आहे.

त्यात नेमके काय करावे लागते, हे थोडे सांगतो. जुना गेम एका अखंड चक्रात चालतो: कोणती कळ दाबली ते पाहायचे, गाड्या आणि माणसे पुढे सरकवायची, चित्र काढायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. ब्राउझरमध्ये हे चक्र जसेच्या तसे सुरू केले, तर पान गोठते, कारण चित्र पडद्यावर उमटवायला ब्राउझरला मधे सवडच मिळत नाही. म्हणून प्रत्येक फ्रेमनंतर, म्हणजे एकेक चित्र काढून झाल्यावर, ताबा ब्राउझरकडे परत द्यावा लागतो, आणि दुसऱ्याने लिहिलेल्या हजारो ओळींत ते चक्र कुठे फोडायचे, हे तो कोड नीट वाचल्याशिवाय ठरवता येत नाही. ‘आवाज येत नाही म्हणून रात्ररात्र जागते’ असे आपण तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. वापरणाऱ्याने पानावर एकदा तरी क्लिक केल्याशिवाय ब्राउझर सहसा आवाज सुरू होऊ देत नाही. तिची अडचण बहुधा तिथेच असावी, आणि अशा अडचणी सोडवणाऱ्या माणसांनाच कंपन्या पगार देतात.

आता नोटिशीविषयी. ड्रॉइंग नसलेला झिजलेला पार्ट गिऱ्हाईक घेऊन येते, आपण व्हर्नियर लावून माप घेता आणि नवा करून देता. पण त्यावर मूळ कंपनीचा शिक्का उठवून तो बाजारात आणला, तर प्रकरण वेगळे होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ रीतसर घेतलेल्या प्रतीवरून प्रोग्रामचे कार्य अभ्यासण्याची मुभा देते. मूळ गेममधील चित्रे, संगीत आणि संवाद जगाला वाटणे त्या मुभेत बसत नाही, आणि या मुलांनी नेमके तेच केले. पैसे घेतले नाहीत म्हणून अपराध पुसला जात नाही. फार तर न्यायालय शिक्षा सौम्य करू शकते.

आक्षेप घेतलेली सामग्री काढून टाकल्यावर बहुतेक प्रकरणे तिथेच थांबतात, पण नेहमीच नाही. ‘जीटीए ३’ आणि ‘व्हाइस सिटी’ या गेमचा कोड उलगडून पुन्हा लिहिणाऱ्या चाहत्यांचा प्रकल्प टेक-टू कंपनीच्या नोटिशीवरून फेब्रुवारी २०२१ मध्ये गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरून काढला गेला. चाहत्यांनी प्रतिनोटीस दिली, म्हणजे आक्षेप चुकीचा असल्याचे उलट कळवले, कोड परत आला, आणि सप्टेंबरमध्ये कंपनीने कॅलिफोर्नियातील न्यायालयात दावा ठोकला. म्हणून मुलीला स्पष्ट सांगावे की तो गेम दुसऱ्या नावाने पुन्हा चढवायचा नाही आणि वकिलाला विचारल्याशिवाय प्रतिनोटीस पाठवायची नाही. अमेरिकी कायद्यानुसार दिलेल्या प्रतिनोटिशीत तिथल्या न्यायालयाचा अधिकार मान्य करावा लागतो, हे उत्साहाच्या भरात मुलांच्या लक्षात येत नाही.

मग तिने करावे काय? ‘डूम’ हा १९९३ चा गेम. त्याचा कोड कंपनीने १९९७ मध्ये स्वतःहून खुला केला आणि १९९९ मध्ये तो जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आणला. चित्रे आणि नकाशे अजून कंपनीचेच आहेत, म्हणून ‘फ्रीडूम’ प्रकल्पाने त्यांच्या जागी मोफत वापरता येणारी नवी सामग्री तयार केली. सरावाला हे उत्तम आहे. पण डूम ब्राउझरमध्ये इतक्या जणांनी चालवला आहे की मुलाखतीत त्याचे फारसे कौतुक होणार नाही. त्यापेक्षा ‘स्कमव्हीएम’सारख्या चालत्या प्रकल्पात शिरावे, असे माझे मत आहे. तो जुन्या साहसी खेळांची इंजिने, म्हणजे खेळ चालवणारा मूळ कोड, नव्याने लिहितो. विकत मिळणाऱ्या खेळांच्या फाइली वापरणाऱ्याने स्वतःच्या आणायच्या असतात. लहानशी दुरुस्ती पाठवली, तरी अनुभवी माणसे ती ओळ न् ओळ तपासून परत धाडतात, आणि ही शिकवणी फुकट मिळते. वयाची १८ वर्षे पूर्ण असतील, तर अशा खुल्या प्रकल्पांत काम करायला देणाऱ्या ‘गूगल समर ऑफ कोड’ या उपक्रमासाठी अर्जही करता येतो, त्यात मानधन मिळते.

राहिला लॅपटॉप. तो काढून घेऊ नये. मात्र थेट द्वितीय वर्ष अभियांत्रिकीला सीईटी नसते, पदविकेच्या अंतिम वर्षाच्या गुणांवरच यादी लागते, याची जाणीव तिला जरूर द्यावी आणि परीक्षेपर्यंत रात्रीची जागरणे बंद करावीत. या प्रकारच्या नोकऱ्या कोल्हापुरात थोड्या आहेत. पुणे, बंगळूर किंवा घरबसल्या परगावचे काम, हे आपण मनाशी धरून चालावे.

नोटीस मिळालेला प्रकल्प अर्जात लपवण्याचे कारण नाही, फक्त त्याचा दुवा किंवा फाइली कोणाला देऊ नयेत. चौघांनी मिळून काम केले आहे, तेव्हा तिच्या वाट्याला नेमके काय होते, कुठे अडले आणि कसे सुटले, हे तिने आत्ताच, आठवणीत ताजे असताना दोन पानांत लिहून काढावे. ती दोन पाने तिने मला पाठवली, तर वाचून अवश्य कळवीन.