वाचकांचे प्रश्न : गुलाबी बो-टाय लावलेले वाढपी

प्रश्न : गुलाबी बो-टाय लावून मेजवान्यांत वाढणाऱ्या एका केटरिंग कंपनीच्या तुकडीवरची ‘पार्टी डाउन’ ही अमेरिकन विनोदी मालिका मी नुकतीच पाहिली. माझे वडील अनेक वर्षे लग्नाच्या पंगतींत वाढपी होते. त्यामुळे बड्या लोकांच्या मेजवान्यांत राबणाऱ्यांच्या फजितीला हसताना मनाला टोचणी लागली. हे हसणे गैर आहे का? आणि इतकी चांगली मालिका दोनच पर्वांत का थांबली?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : गैर मुळीच नाही. वाढण्याचे काम हलके आहे, असे ही मालिका कोठेही सुचवीत नाही. आपल्या पंगतीतल्या वाढप्याला नवरदेवाच्या जागी बसायचे नसते. लॉस एंजेलिसमध्ये मात्र खाद्यपदार्थांचा ट्रे घेऊन फिरणारा मनुष्य पुष्कळदा नट किंवा लेखक व्हायलाच त्या शहरात आलेला असतो आणि दिवसा ऑडिशनला जाता यावे म्हणून त्याने संध्याकाळचे हे काम धरलेले असते. म्हणजे यजमान आणि वाढपी एकाच स्वप्नामागे धावत असतात, आणि एकाला दुसऱ्याच्या हातून पेला घ्यावा लागतो तेव्हा दोघेही अवघडतात. या अवघडलेपणातूनच इथला विनोद निर्माण होतो. या वाढप्यांपैकी हेन्री हा नट बिअरच्या एका जाहिरातीतल्या वाक्यामुळे ओळखला जातो. पाहुणे तेच वाक्य त्याला पुन्हा म्हणायला लावतात आणि दर वेळी त्याचा चेहरा पडतो. तिथे हसणे आपोआप थांबते.

माझा सर्वांत जास्त जीव जडला तो रॉनवर. या तुकडीत वाढण्याच्या कामावर मनापासून श्रद्धा असलेला तो एकटाच आहे. त्याला सूप विकणाऱ्या उपाहारगृहाची शाखा चालवायची असते. ती मिळते, बुडते, आणि पूर्वी ज्याच्यावर तो देखरेख करीत असे त्या हेन्रीच्याच हाताखाली त्याला पुन्हा ट्रे उचलावा लागतो. तुमच्या वडिलांनी पाहिली असती, तर रॉनची घालमेल त्यांना नक्की समजली असती, असे मला वाटते.

प्रत्येक भाग एकाच समारंभाचा असतो, त्यामुळे दर वेळी नवे घर आणि नवे यजमान दिसतात. त्यांपैकी दुसऱ्या पर्वातला स्टीव्ह गुटेनबर्ग या नटाच्या वाढदिवसाचा भाग पुन्हा अवश्य पाहा. ठरलेली मेजवानी होत नाही, म्हणून तो या मंडळींनाच पाहुणे म्हणून ठेवून घेतो आणि त्यांच्यातल्या रोमनने लिहिलेली पटकथा सगळे मिळून सादर करून पाहतात. एका संध्याकाळपुरते ते ज्यासाठी या शहरात आले तेच काम करतात.

मालिका थांबण्याचे कारण साधे होते : प्रेक्षक फारच कमी. मार्च २००९ मध्ये ‘स्टार्झ’ या सशुल्क वाहिनीवर ती सुरू झाली. प्रत्येकी दहा भागांची दोन पर्वे झाली. पण जून २०१० मधला दुसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग जेमतेम ७४,००० लोकांनी पाहिला. शिवाय मालिकेतल्या कलाकारांपैकी जेन लिंच ‘ग्ली’ या, आणि हेन्रीची भूमिका करणारे अ‍ॅडम स्कॉट ‘पार्क्स अँड रिक्रिएशन’ या दुसऱ्या मालिकेत गेले होते. पुढे मात्र तिचा चाहतावर्ग हळूहळू वाढत गेला आणि २०२३ मध्ये सहा भागांचे तिसरे पर्व आले. त्यात हेन्री शाळेत इंग्रजी शिकवीत असतो, आणि केटरिंगचा तो व्यवसाय आता रॉनच्या मालकीचा असतो.