'लॉस्ट रेकॉर्ड्स: ब्लूम अँड रेज' या गेमबद्दल खेळाडूंची मतं इतकी टोकाची का आहेत?

मुख्य कारण म्हणजे त्याची गती. 2025 मध्ये डोंट नॉड या गेम स्टुडिओने हा गेम दोन भागांत आणला, पहिला फेब्रुवारीत, दुसरा एप्रिलमध्ये. मिशिगनमधलं छोटं गाव, 1995 चा उन्हाळा, चार मुलींची नवी मैत्री. आणि त्याच चौघी 27 वर्षांनी पुन्हा भेटतात. पहिल्या भागात फारसं काही 'घडत' नाही, म्हणून काहीजण कंटाळले. रहस्याच्या ओढीने आलेल्यांना शेवटही अपुरा वाटला, आणि ती तक्रार मला पटते.

पण ज्यांना तो आवडला, त्यांना मनापासून आवडला. त्या चौघींपैकी स्वान, जिच्या भूमिकेत आपण खेळतो, हातात कॅमकॉर्डर घेऊन हिंडते, आणि काय टिपायचं ते आपण ठरवतो: पक्षी, पडकी जागा, मैत्रिणीचं हसू. त्या तुकड्यांची फिल्म तयार होते आणि ती प्रत्येकाची वेगळी असते. संवादही थांबून राहत नाहीत. गप्प बसलात तर तेच तुमचं उत्तर. बुजऱ्या, आपल्या शरीराबद्दल संकोच बाळगणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला नायिका केलंय, हे कित्येकींना फार जवळचं वाटलं. मलाही. कोडी सोडवायची हौस असेल तर नका घेऊ. माणसांत रमत असाल तर नक्की खेळा.