पालकांचे प्रश्न : ‘मला कुणी खेळायला घेत नाही’

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी मुलगी पावणेचार वर्षांची आहे, जूनपासून बालवाडीत जाते. सध्या वर्गात ‘माझे मित्र’ हा विषय चालू आहे. दर शुक्रवारी एक गोष्टीचं पुस्तक घरी येतं आणि ‘रोज वाचून दाखवा’ अशी वहीत सूचना असते. पण ही घरी येऊन सांगते, ‘मला कुणीच खेळायला घेत नाही.’ आज एक जण हिची मैत्रीण, उद्या तिच्याशी कट्टी. पुस्तकाचं म्हणाल तर रोज तेच एक हवं आणि मध्येच उठून पळायचं. मी कामावरून साडेसातला येते. दिवसभर ती सासूबाईंजवळ असते, त्यांना वाचता येत नाही. मैत्री शिकवायची कशी आणि वाचनाचं काय करू?
– एक आई, इचलकरंजी

उत्तर : तुमच्या लेकीच्या वयात मैत्रीण म्हणजे आत्ता माझ्या शेजारी बसून माझ्यासारखंच काहीतरी करणारी मुलगी. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन संशोधिकेने १९३२ साली लहान मुलांच्या खेळाबद्दल जे मांडलं, ते आजही कुठल्याही बालवाडीत दिसतं. मुलं आधी एकेकटी खेळतात, मग शेजारी शेजारी पण आपापलं, मग वस्तूंची देवघेव सुरू होते आणि मिळून एक खेळ रचणं त्याच्याही नंतर येतं. तुमची लेक या वाटेवर मधेच कुठेतरी आहे. त्यामुळे सकाळी कट्टी आणि डबा खाताना बट्टी, हे चालायचंच. ती मिटवायला मोठ्यांनी जाऊ नये.

‘मला कुणीच घेत नाही’ हे वाक्य मात्र मी मनावर घेते. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा असतो की, चालू खेळात शिरायचं कसं हे मुलाला कळत नाही. परवा आमच्या वाळूच्या हौदात तीन मुलं विहीर खणत होती. चौथा काठावर उभा. ‘मला पण, मला पण’ म्हणाला, कुणी मान वर केली नाही. मग त्याने पायाने वाळू उडवली आणि आरडाओरडा झाला. अशा वेळी आपण ‘त्यालाही घ्या रे’ म्हणतो. मुलं घेतात आणि आपली पाठ वळली की विसरतात. मी त्याच्या हातात झारी दिली आणि हळूच म्हटलं, ‘विहिरीत पाणी हवंय का, विचार त्यांना.’ त्याने विचारलं. ‘हो, इकडे ओत, इकडे!’ पुढचा सगळा वेळ तो पाणीवाला होता, आणि त्याच्यावाचून त्यांचं पान हलेना. खेळ काय चाललाय ते आधी बघायचं आणि त्यात आपण काय करू शकतो ते विचारायचं, एवढंच त्याला हवं होतं. घरी भातुकली मांडून हे करून बघा. तुम्ही स्वयंपाक करा, ती बाहेरून येऊ दे. ‘मी भाजी आणू का?’ हे वाक्य तिच्या तोंडात बसलं की ते वर्गातही निघेल.

आणि इथेच पुस्तक उपयोगी पडतं. गोष्टीत कुणी रुसलं, कुणी एकटं पडलं की त्या पानावर थांबा. ‘आता हा काय म्हणेल गं?’ एवढंच विचारा. उत्तर आलं नाही तर पान उलटा. शेवटी ‘यातून आपण काय शिकलो?’ कृपा करून विचारू नका. अक्षरावर बोट ठेवून ‘हे कुठलं?’ हेही नको. त्या प्रश्नानेच कितीतरी मुलांच्या मनातून पुस्तक उतरताना मी पाहिलं आहे.

तेच पुस्तक रोज मागते, तर रोज तेच वाचा. पहिल्यांदा तिला मांजर दिसतं, मग मांजराचा चेहरा दिसतो, मग पुढचं वाक्य तीच तुमच्याआधी म्हणते. मध्येच पळाली तर पळू दे. तुम्ही ते पान मोठ्याने पुरं करा, तिचे कान तिथेच असतात. जेवणं झाल्यावर अंथरुणात दहा मिनिटं, फोन बाहेरच्या खोलीत, इतकं पुष्कळ झालं.

सासूबाईंना वाचता येत नाही याची चिंता तर मुळीच नको. त्या तुमचा मोठाच आधार आहेत. दुपारी नातीने पुस्तक उघडून चित्रांवरून आजीला गोष्ट सांगायची आणि आजीने ‘मग फुडं काय झालं?’ एवढंच विचारत राहायचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा शिंपले, बिया, पानं आणि गाणी-गोष्टी यांच्यावरच त्यांनी केवढं उभं केलं! आजीला चिऊ-काऊची गोष्ट येतच असेल. काऊचं शेणाचं घर पावसात वाहून गेलंय, तो दार वाजवतोय आणि चिऊ म्हणतेय, ‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते.’ इथे आजीने विचारावं, ‘तू असतीस तर काय केलं असतंस?’ काही मुलं लगेच दार उघडतात. काही म्हणतात, बाळाला वारा लागेल. दोन्ही उत्तरं राहू द्यावीत. चिऊची अडचण आणि काऊचं भिजणं दोन्ही दिसणं, हे तीन-चार वर्षांच्या मुलासाठी फार मोठं काम आहे.

शुक्रवारच्या पुस्तकाखेरीज आणखी हवी असतील तर नॅशनल बुक ट्रस्टची आणि ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं मराठीत मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, पण त्या पडद्यावर तिच्या एकटीच्या हाती देऊ नका, मांडीवर घेऊन वाचा.

बाईंना भेटून एवढंच विचारा की, ही कुणाच्या आसपास जास्त वेळ असते. नाव कळलं की त्या मुलीला एखाद्या रविवारी घरी बोलवा. एकटीलाच, तासाभरासाठी. तुमच्या लेकीची सगळ्यात लाडकी बाहुली तिला विचारून आधीच कपाटात ठेवा, म्हणजे ओढाओढ टळेल. दोघींपुढे कणकेचा एकेक गोळा आणि एकच लाटणं ठेवा, आणि तुम्ही जवळच पण गप्प बसा. लाटण्यावरून भांडण झालंच तर लगेच उठू नका. मारामारीवर आलं तरच मध्ये पडा.