लेगोची जुनी अंतराळ मालिका अजून का आठवते?

लेगो या डॅनिश कंपनीच्या, प्लॅस्टिकच्या विटा जोडून खेळायच्या खेळण्यांची जुनी अंतराळ मालिका बंद होऊन इतकी वर्षे लोटली, तरी तिचे चाहते अजून तिच्याबद्दल एवढ्या जिव्हाळ्याने का बोलतात आणि आपल्या भागात ती कोणी खेळले होते का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे, म्हणून ते आधी देतो. होय, मी खेळलो आहे, बेळगावात, शहापूरच्या घरात, १९८५ च्या दिवाळीपासून. माझ्याकडे एकच संच होता आणि तोही लहानांपैकी, तेव्हा पुढचे सगळे एका संचाच्या मालकाचे बोलणे आहे, हे ध्यानात ठेवून वाचावे.

मामा तेव्हा बहारीनला नोकरीला होते. मुंबईहून रेल्वेने येताना मिरजेला गाडी बदलावी लागे, कारण मिरजेपासून आमच्याकडे त्या काळी मीटरगेज होते. त्या चढउतारात खोक्याचा एक कोपरा चेपला होता, म्हणून मामा देताना उगाच ओशाळले होते. आत करड्या आणि निळ्या रंगाचे एक छोटे यान होते, त्याला पिवळी पारदर्शक काच होती, आणि चालवायला लाल पोशाखातला एक अंतराळवीर होता. त्याच्या छातीवर सोनेरी ग्रह आणि त्याला वळसा घालणारे लाल यान छापलेले होते. राकेश शर्मा आदल्याच वर्षी, एप्रिल १९८४ मध्ये, सोयुझ टी-११ मधून अंतराळात गेले होते आणि चौथीतल्या मुलाला तेवढे पुरेसे होते. तो लाल माणूस राकेश शर्मा आहे हे आमच्या घरात त्याच संध्याकाळी ठरले, आणि पुढे त्यात कधी बदल झाला नाही.

आता मूळ प्रश्न. ही मालिका १९७८ मध्ये सुरू झाली आणि हातपाय हलणारी, हसऱ्या चेहऱ्याची जी छोटी माणसे आज लेगोची ओळख झाली आहेत, तीही त्याच वर्षी आली. येन्स नायगार्ड क्नुडसेन या डॅनिश रचनाकाराचा या दोन्ही कामांत मोठा वाटा होता. २०२० मध्ये ते वारले, तेव्हा जगभरच्या चाहत्यांनी आपापल्या कपाटांतले जुने अंतराळवीर बाहेर काढून त्यांची छायाचित्रे टाकली होती. सुरुवातीला लाल आणि पांढरे असे दोनच अंतराळवीर होते, मग पिवळा आला, आणि १९८४ मध्ये निळा आणि काळा. सगळ्यांचा चेहरा एकच, हसू एकच. लाल कोण, पांढरा कोण, हे कंपनीने त्या खोक्यांवर कुठेच लिहिले नव्हते. चाहत्यांमध्ये यावर आजही वाद रंगतात. कोणी लाल म्हणजे वैमानिक म्हणते, कोणी पांढरा म्हणजे शास्त्रज्ञ. माझ्या मते या मालिकेच्या आठवणी टिकण्याचे कारण नेमके इथे आहे. तिने मुलांना सामान दिले, गोष्ट दिली नाही. शत्रू दिला नाही, नायक दिला नाही, जिंकायला काही दिले नाही. ती रिकामी जागा ज्याने त्याने आपल्या अंगणातल्या वस्तूंनी भरली, त्यामुळे प्रत्येकाची आठवण वेगळी आहे.

आमच्या अंगणातली वस्तू म्हणजे फौंड्रीची, धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातली, वाळू. बाबा उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात होते, आणि बेळगावात ज्यांचे वडील उद्यमबागेत होते त्यांना मोल्डिंगची ती काळी वाळू वेगळी सांगायला नको. बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी मिसळलेली ती वाळू दाबली की ठसा जसाच्या तसा राहतो. अंतराळवीराच्या पावलाचा ठसा तीत इतका सुरेख उठे की आम्ही एका जुन्या परातीत चंद्र तयार केला, वाटीने खड्डे पाडले आणि यान त्यात उतरवले. मालिकेत खड्ड्यांचे उंचवटे असलेला करडा चांद्रपृष्ठाचा तक्ताही मिळत असे, पण तो मोठ्या संचांबरोबर येई. मी तो फक्त खोक्यातल्या घडीच्या पत्रकावर पाहिला होता. खरे सांगायचे तर आमची परात त्याहून सरस होती. फक्त चार दिवसांनी वाळू प्रत्येक तुकड्याच्या खाचेत जाऊन बसली आणि तुकडे एकमेकांना धरीनात. आईने सगळे यान सुटे करून साबणाच्या पाण्यात धुतले आणि सुपात पसरून उन्हात ठेवले. चिमणीने एखादा तुकडा नेऊ नये म्हणून मी दुपारभर राखण केली.

त्याच दिवशी बाबांनी ते तुकडे पहिल्यांदा नीट हातात घेतले. रात्री त्यांनी पिशवीतून व्हर्निअर, म्हणजे बारीक मापे घ्यायचे हत्यार, काढला. तुकड्यावरच्या गोल उंचवट्याचा, म्हणजे बोंडाचा, व्यास ४.८ मिलिमीटर, एका बोंडाच्या मध्यापासून शेजारच्या बोंडाच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६ आणि पातळ पट्टीची ३.२, म्हणजे तीन पट्ट्या एकावर एक ठेवल्या की बरोबर एक वीट. त्यांनी पंधरावीस तुकडे मोजले. माप सगळीकडे तेच. ‘साचा कुणी केलाय रे हा? फरकच पडंना,’ एवढेच ते म्हणाले, आणि बाबांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी कारखान्यातल्या कोणत्याही कामाबद्दल ऐकलेली नाही. या विटांचे साचे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या अचूकतेने केले जातात, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी वाचायला मिळाले. खेळणे पुन्हा पुन्हा मोडून जोडायचे असेल तर ही अचूकता हा त्याचा प्राण आहे. आपल्याकडे तेव्हा जत्रेत मिळणारे प्लॅस्टिकचे ठोकळे एकतर निसटत, नाहीतर असे अडकत की सोडवायला सुरी लागे. खेळताना हात अडला की मनातली गोष्टही अडते.

माझा जोडीदार म्हणजे शेजारच्या कन्नड घरातला माझ्याच वयाचा मुलगा. तो कन्नड शाळेत, मी मराठी शाळेत. संचाबरोबरच्या पुस्तिकेत जोडणीसाठी एक शब्दही नव्हता, नुसती चित्रे. प्रत्येक चित्रात आधीच्यापेक्षा काय वाढले ते डोळ्यांनी शोधायचे. ज्या गावात दुकानाची पाटी कोणत्या लिपीत असावी यावरून थोरामोठ्यांचे आवाज चढतात, त्या गावात आम्हा दोघांना ती पुस्तिका सारखीच वाचता येत होती. अर्थात आमचे भांडण व्हायचे राहिले असे नाही. अंतराळवीराच्या हातात देण्यासाठी एक काळा तुकडा होता, तो मला बंदूक वाटे आणि त्याला भोंगा. लेगोच्या त्या काळच्या धोरणात बंदुकांना जागा नव्हती आणि तो तुकडा मुळात भोंगाच होता, म्हणजे तोच बरोबर होता. पण त्याचे कारण निराळे होते. निवडणूक नुकतीच होऊन गेली होती आणि रिक्षावरचे भोंगे त्याच्या कानांत ताजे होते. मग राकेश शर्मा आमच्या परातीतल्या चंद्रावर उतरून मते मागत फिरले.

खोक्याच्या मागच्या बाजूची आठवण मात्र तुम्हाला जवळजवळ प्रत्येक चाहत्याकडून ऐकायला मिळेल. तिथे त्याच तुकड्यांतून बनवलेल्या आणखी काही यानांची आणि गाड्यांची छायाचित्रे असत, पण ती कशी जोडायची हे कुठेच दिलेले नसे. छायाचित्र एकाच बाजूने घेतलेले. पलीकडे काय आहे ते तुम्हीच ओळखायचे. आम्ही त्यातल्या एका चाकांच्या गाडीवर तीन आठवडे घालवले. बोंडे मोजली, लपलेल्या तुकड्यांचा अंदाज बांधला, संचातले कोणते तुकडे अजून वापरले गेलेले नाहीत याची वहीत यादी केली, आणि शेवटी एक पट्टी उरली तेव्हा ती यानाच्या पोटात असणार असे मित्राने ठरवले. आज मी ज्या प्रकारचे काम करून पोट भरतो, त्याची सुरुवात त्या वहीपासून धरायला माझी हरकत नाही.

मालिका ‘बंद झाली’ हे म्हणणे थोडे दुरुस्त करायला हवे. ती एका दिवसात बंद झालेली नाही. १९८७ मध्ये काळ्यापिवळ्या रंगाचा ब्लॅकट्रॉन हा गट आणि त्याच्यासमोर पांढऱ्या यानांचा फ्युचुरॉन आला. १९८९ मध्ये स्पेस पोलिस आले आणि त्यांच्याबरोबर पकडायचे कोणाला हेही आयते ठरून आले. पुढे १९९० ला चुंबकांचा एम-ट्रॉन, १९९३ ला नारिंगी पारदर्शक काचांचा आइस प्लॅनेट २००२, १९९८ ला किड्यांच्या आकाराच्या यानांचे इन्सेक्टॉइड्स, अशी रांग लागली. १९९९ मध्ये लेगोने एका गाजलेल्या अंतराळपटाचे हक्क घेऊन संच काढले, आणि आपल्या मालिकेचा जीव त्यानेच घेतला असे अनेक चाहते रागाने सांगतात. मला तो राग पटत नाही. गोष्ट खोक्यातूनच येऊ लागली ती १९८७ पासून, आणि ज्या मुलांनी ब्लॅकट्रॉनने खेळायला सुरुवात केली त्यांना तोच सर्वांत प्रिय आहे, हेही मान्य केले पाहिजे. मी स्वतः जिच्याबद्दल बोलतो आहे ती करड्यानिळ्या रंगांची आणि पिवळ्या काचांची पहिली नऊ वर्षांची मालिका.

त्या पहिल्या वर्षांतल्या अंतराळवीरांची एक खूण जगभर सारखीच आहे: शिरस्त्राणाची हनुवटीखालची पट्टी मोडलेली. ती पट्टी फार बारीक होती. माझ्याकडची मी स्वतः मोडली, दातांनी ओढून, आणि तीही नको असे बजावलेले असताना. ही मोडलेली पट्टी चाहत्यांच्या इतकी जिव्हाळ्याची आहे की २०१४ च्या लेगोच्या चित्रपटात निळा अंतराळवीर दाखवताना त्याचे शिरस्त्राण मुद्दाम हनुवटीपाशी तडकलेले आणि छातीवरचा ग्रह झिजलेला दाखवला आहे. बाबांनी माझ्या शिरस्त्राणाला दोन्ही बाजूंना सुईने भोके पाडली आणि पितळेची बारीक तार वळवून हनुवटी करून दिली. ती अजून आहे.

२०२२ मध्ये कंपनीने आपल्या नव्वदाव्या वर्षानिमित्त या मालिकेतल्या सर्वांत मोठ्या मानाच्या यानाची, गॅलेक्सी एक्सप्लोररची, नवी आवृत्ती काढली. मूळ यान ३३८ तुकड्यांचे होते, नवे १२५४ तुकड्यांचे आहे. लहानपणी जे फक्त घडीच्या पत्रकावर पाहिले होते, ते मी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मागवले आणि कन्नड मित्राला फोन केला. तो आता हुबळीला असतो. रविवारी आला, आणि आल्या आल्या विचारले, ‘काय करूलास बे, माझ्याशिवायच उघडलास?’ उघडले नव्हते.

जोडून झाल्यावर जुने छोटे यान शेजारी ठेवले. २००४ च्या सुमारास लेगोने आपला करडा रंग बदलून थोडा निळसर केला, त्यावेळी जुन्या चाहत्यांनी बरीच ओरड केली होती. दोन्ही याने जवळ ठेवल्यावर ती ओरड का होती ते कळते, कारण माझे जुने यान त्या उजेडात चहा सांडल्यासारखे दिसत होते. पण १९८५ ची पट्टी २०२२ च्या विटेवर बसवली तर ती टच्चकन बसली. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत, व्हर्निअरवरचे आकडे त्यांना दिसत नाहीत, म्हणून आकडे मी वाचले. बोंड ४.८. मग त्यांनी नव्या अंतराळवीराचे शिरस्त्राण मागितले, हनुवटीखालच्या पट्टीवर अंगठ्याचे नख फिरवले आणि म्हणाले, ‘जाड केली की शेवटी.’ जुन्याला नवे शिरस्त्राण घालू का, असे मित्राने विचारले. बाबांनी तार तशीच राहू द्यायला सांगितले.