‘सर्जनशील मतभेद’ : पण कशावरून?

प्रश्न : अमेरिकी सुपरहिरोपटांच्या बातम्यांत ‘स्टुडिओशी सर्जनशील मतभेद झाल्याने दिग्दर्शक बाहेर’ असे वारंवार वाचायला मिळते. ‘क्रिएटिव्ह डिफरन्सेस’साठी हा शब्दप्रयोग बरोबर आहे का? तसेच ‘फायनल कट’ आणि ‘डायरेक्टर्स कट’ यांना मराठीत काय म्हणावे?

उत्तर : ‘सर्जनशील मतभेद’ इथे चुकीचे आहे. ‘-शील’ हा घटक स्वभाव किंवा वृत्ती सांगतो. सहनशील म्हणजे सहन करण्याचा स्वभाव असलेला, प्रयत्नशील म्हणजे सतत प्रयत्न करणारा. त्याच न्यायाने सर्जनशील म्हणजे नवे निर्माण करणारा. मतभेदही सर्जनशील असू शकतो, पण मग अर्थ बदलतो. दिग्दर्शक आणि छायालेखक एखाद्या प्रसंगावरून अडून बसले आणि वाद घालता घालता दोघांनाही आधी न सुचलेली मांडणी हाती आली, तर तो मतभेद खरोखर सर्जनशील. दिग्दर्शक चित्रपट सोडून जातो तेव्हा नेमके उलटे झालेले असते.

इंग्रजीतले ते विशेषण इथे मतभेदाचा गुण सांगत नाही, विषय सांगते. मराठीत हे काम ‘-इक’, ‘-ईय’ आणि ‘-विषयक’ करतात : आर्थिक मतभेद, राजकीय मतभेद, धोरणविषयक मतभेद. म्हणून ‘कलाविषयक मतभेद’ हा सरळ पर्याय. ‘कलात्मक मतभेद’ नको. कलात्मक रांगोळी असते, कलात्मक मांडणी असते, भांडण नसते. ‘संवेदनशील मतदान केंद्र’ रूढ झाले, मग हेही होईल, असा युक्तिवाद कुणी करील. तिथे जरा धक्का लागला की बिघडण्याचा गुण त्या केंद्राला खरोखर चिकटतो. इथे सर्जनाचा गुण मतभेदाला चिकटत नाही, आणि चिकटवला तर बातमी खोटी होते.

मात्र खरी अडचण विशेषणाची नाही. मराठीत ‘मतभेद’ म्हटले की पुढचा प्रश्न येतो, कशावरून? आपल्याकडे मतभेद जागावाटपावरून होतात, संहितेवरून होतात, वाटणीवरून होतात. ‘-वरून’ किंवा ‘-बाबत’ आल्याशिवाय वाक्य अर्धवट वाटते. इंग्रजी प्रयोग मात्र ती जागा रिकामी ठेवण्यासाठीच वापरला जातो. दोन्ही बाजूंना पुढे याच व्यवसायात काम करायचे असते, म्हणून निवेदनात कारण न सांगता कारणाचा प्रकार तेवढा सांगितला जातो. तेव्हा मराठीत लिहिताना आधी पाहावे की कारण पुढे जाहीर झाले आहे का. झाले असेल तर तेच लिहावे. नसेल तरच ‘कलाविषयक मतभेद’ लिहावे आणि तो स्टुडिओच्या निवेदनातला शब्द आहे हे अवतरणचिन्हाने दाखवावे.

डिसेंबर 2011मध्ये पॅटी जेंकिन्स ‘थॉर’च्या दुसऱ्या भागातून बाहेर पडल्या तेव्हा हेच ठरीव कारण देण्यात आले. मार्व्हल या स्टुडिओला ज्या पटकथेवर चित्रपट करायचा होता त्यातून आपल्या हातून चांगला चित्रपट होणार नाही असे वाटले, हे जेंकिन्स यांनी नंतर स्वतःच सांगितले. त्यामुळे आज त्याविषयी लिहायचे तर ‘पटकथेवरून मतभेद’ एवढे नेमके लिहिता येते.

‘अँट-मॅन’चे उदाहरण आणखी बोलके आहे, कारण तिथे ‘मतभेद’ हा शब्दच तोकडा पडतो. दिग्दर्शक एडगर राइट आणि त्यांचे सहलेखक जो कॉर्निश 2006पासून मार्व्हलसाठी या चित्रपटावर काम करत होते. मे 2014मध्ये, चित्रीकरण तोंडावर आले असताना, राइट बाहेर पडले. संयुक्त निवेदनात ‘क्रिएटिव्ह डिफरन्सेस’ नव्हते. चित्रपटाबद्दलच्या ‘व्हिजन’मध्ये फरक आहे, असे होते. या ‘व्हिजन’साठी ‘दूरदृष्टी’ अजिबात चालणार नाही, कारण तो भविष्याचा वेध घेण्याचा गुण झाला. ‘दृष्टिकोन’ही थोडा कोरडा आहे. ‘चित्रपट कसा असावा याबद्दलच्या दोघांच्या कल्पना जुळल्या नाहीत’ असे वाक्य मोकळे करून लिहिणे सर्वांत चांगले. राइट यांनी 2017मध्ये सांगितले की स्टुडिओला त्यांना वगळून पटकथेचा नवा खर्डा करून घ्यायचा होता. आपल्या चित्रपटांच्या लेखनात नेहमी सहभागी असणाऱ्या दिग्दर्शकाला हे मान्य होण्यासारखे नव्हते.

इथे दोन मतांची बरोबरीची टक्कर नाही. पात्रे, पैसा आणि शेवटचा शब्द स्टुडिओचा. एका चित्रपटातले पात्र पुढच्या दोन-तीन चित्रपटांत येणार असते, त्यांच्या प्रदर्शनाच्या तारखाही आधी जाहीर होतात, म्हणून पटकथा त्या साखळीला जुळवून घ्यावी लागते. राइट यांच्या बाहेर पडण्याच्या निवेदनातच 17 जुलै 2015 या तारखेवर परिणाम होणार नाही असे सांगितले होते, आणि पेटन रीड यांच्या दिग्दर्शनाखाली चित्रपट त्याच दिवशी आलाही. अशा ठिकाणी ‘पटकथेवरील अधिकाराचा वाद’ म्हणणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

क्रियापदही जपून निवडावे. ‘दिग्दर्शन सोडले’ म्हणजे तो व्यवसायच सोडला असा अर्थ होतो. ‘चित्रपट सोडला’ किंवा ‘चित्रपटातून बाहेर पडले’ बरे. ‘फारकत घेतली’ म्हणजे संबंध संपला. जानेवारी 2020मध्ये स्कॉट डेरिकसन ‘डॉक्टर स्ट्रेंज’च्या दुसऱ्या भागाचे दिग्दर्शन करणार नसल्याचे जाहीर झाले, पण कार्यकारी निर्माते म्हणून ते राहिले. तिथे फारकत नाही. ‘हकालपट्टी’ आणि ‘डच्चू’ काढून टाकल्याचे निश्चित माहीत असल्याशिवाय वापरू नयेत.

आता ‘कट’. ‘फायनल कट’ म्हणजे प्रदर्शित होणारी आवृत्ती ठरवण्याचा करारातला हक्क. याला ‘अंतिम संकलनाचा अधिकार’ म्हणावे. हा फार थोड्या दिग्दर्शकांना मिळतो. ‘डायरेक्टर्स कट’ मात्र दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतात आणि गोंधळ तिथेच होतो. डायरेक्टर्स गिल्ड ऑफ अमेरिका या संघटनेच्या करारानुसार चित्रपटगृहासाठीच्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाला आपले संकलन तयार करायला 10 आठवडे, किंवा चित्रीकरणाच्या ठरलेल्या दर दोन दिवसांमागे संकलनाचा एक दिवस, यांतले जे जास्त असेल ते मिळते. हे ‘दिग्दर्शकाचे संकलन’. ते स्टुडिओला दाखवले जाते. मान्य करण्याचे बंधन स्टुडिओवर नसते. दुसरी गोष्ट म्हणजे नंतर प्रेक्षकांसाठी काढलेली ‘दिग्दर्शकाची आवृत्ती’. हे दोन शब्द वेगळे ठेवले तर पुष्कळ वाक्ये आपोआप सुधारतात.

‘सुपरमॅन 2’ घ्या. रिचर्ड डॉनर पहिला आणि दुसरा भाग एकत्रच चित्रित करत होते. निर्मात्यांशी बिनसले आणि दुसरा भाग रिचर्ड लेस्टर यांच्याकडे गेला. डॉनर यांनी घेतलेले बरेच प्रसंग लेस्टर यांनी पुन्हा चित्रित केले. 2006मध्ये ‘डॉनर कट’ आला तेव्हा त्यातल्या एका महत्त्वाच्या प्रसंगासाठी कलाकारांच्या चाचणीचे चित्रण वापरावे लागले, कारण तो प्रसंग डॉनर यांच्याकडून कधी चित्रितच झाला नव्हता. हे ‘दिग्दर्शकाचे मूळ संकलन’ नव्हे. उपलब्ध तुकड्यांतून पुन्हा जुळवलेली आवृत्ती आहे. झॅक स्नायडर यांच्या ‘जस्टिस लीग’चेही तसेच. 2017चा चित्रपट 120 मिनिटांचा, 2021ची आवृत्ती 242 मिनिटांची आणि तिच्यात 2020मध्ये नव्याने चित्रित केलेला भाग. शिवाय मे 2017मध्ये स्नायडर बाजूला झाले ते मुलीच्या मृत्यूनंतर. तिथे ‘मतभेदांमुळे’ लिहून मोकळे होऊ नये.

‘रीशूट’ला ‘फेरचित्रण’ चांगला शब्द आहे. आपल्याकडे युनिटवर ज्याला ‘पॅचवर्क’ म्हणतात ते वेगळे : राहून गेलेले छोटे शॉट, जोडणीचे तुकडे. एखादा प्रसंग पूर्ण बदलून घेतला तर ते पॅचवर्क नव्हे.

अनेकदा चुकणारी आणखी एक गोष्ट श्रेयनामावलीतली. हॉलिवूडच्या लेखनश्रेयात ‘अँड’चे चिन्ह (&) एकत्र लिहिणाऱ्या जोडीसाठी असते आणि अक्षरी ‘अँड’ वेगवेगळे काम केलेल्या लेखकांसाठी. ‘अँट-मॅन’च्या पटकथेला चार नावे आहेत, पण चौघे एकत्र बसलेले नाहीत. सरसकट स्वल्पविराम टाकले की हा फरक पुसला जातो. मराठीकडे यासाठी दोन अव्यये तयारच आहेत. चिन्हाच्या जागी ‘व’ आणि शब्दाच्या जागी ‘आणि’ ठेवावे : पटकथा – एडगर राइट व जो कॉर्निश आणि ॲडम मॅके व पॉल रड.