सातवीचा पट निम्म्यावर आलाय, मुलीला झेडपी शाळेतून काढावं का?

पट घसरला म्हणजे शिकवणं घसरलं, असं लगेच धरू नका. मी पुणे जिल्ह्यातच झेडपीत पदवीधर शिक्षक आहे, सहावी ते आठवीला गणित-विज्ञान घेतो. तुम्ही म्हणता तसं आमच्या तालुक्याच्या गावातही सुरू आहे.

पोरं जातात कुठे? अनुदानित हायस्कूलचे वर्ग पाचवीपासून भरतात. त्यांनाही संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, आपली पदं टिकवायची असतात, म्हणून एप्रिल लागला की त्यांचे सर चौथीच्या मुलांच्या घरी हजर! दाखल्याचा अर्जसुद्धा लिहून आणतात, पालकांनी फक्त सही करायची. वर इंग्लिश मीडियमची पिवळी बस दारात येतेच. या ओढाताणीत शिकवण्याचा दर्जा कोणी विचारतच नाही.

खरा फटका नंतर बसतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार (आरटीई, २००९) सहावी ते आठवीला गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्रं यांना किमान एकेक शिक्षक हवा. पण पदं मंजूर होतात पटावर. पट उतरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याचं दुसरीकडे समायोजन होतं, आणि मागे राहिलेला सहावी-सातवी एकत्र बसवून हिंदीपासून भूमितीपर्यंत सगळं रेटतो. त्यात ‘आजच्या आज माहिती पाठवा’चे मेसेज वेगळेच. तेव्हा मुख्याध्यापकांना आधी एवढंच विचारा, गणित-विज्ञानाला पदवीधर शिक्षक आहे का?

मग मुलीची संकलित चाचणीची (सत्राच्या शेवटच्या परीक्षेची) उत्तरपत्रिका बघायला मागा. गुण सोडा, ते आम्ही सढळ हाताने देतो. १/२ + १/३ = २/५ असं चुकीचं लिहून ती पुढे गेली असेल आणि त्यावर लाल पेनाची खूणही नसेल, तर मात्र काळजी करा.

आठवीच्या एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला शाळेतली किती मुलं बसतात, किती निवडली जातात, तेही विचारा. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. विनाअनुदानित शाळेतल्या मुलांना ही परीक्षा देता येत नाही, हे त्या पिवळ्या बसवाल्यांकडून कळणार नाही.

गेलेला पट परतही येतो. खेड तालुक्यातली जालिंदरनगरची झेडपी शाळा बंद पडायच्या बेतात होती. २०२५ मध्ये तिला ‘वर्ल्ड्स बेस्ट स्कूल’ स्पर्धेत लोकांच्या मतांवरचा पुरस्कार मिळाला. तिथे मुलंच ‘विषयमित्र’ होऊन एकमेकांना शिकवतात. अर्थात शाळा अशी सावरणारे गुरुजी प्रत्येक गावाच्या नशिबी नसतात.

तुमच्या शाळेत गणिताची जागा रिकामी असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीकडून ठराव करून घ्या आणि तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, तेव्हा हे अवघड नाही. दिवाळीपर्यंत कोणी आलं नाही, तर जूनमध्ये बिनधास्त अनुदानित हायस्कूलला घाला. एनएमएमएस तिथूनही देता येते.