१४ संघ बदलणाऱ्या बेसबॉलपटूचं गणित: घरी किती, कोरिया-जपानमध्ये किती

तुम्ही विचारलंय की पिचर (चेंडू टाकणारा) एडविन जॅक्सन मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, १४ संघांकडून खेळला, तर एखादा खेळाडू इतके संघ का बदलतो, आणि अशा खेळाडूने कोरिया-जपान गाठलं म्हणजे त्याचं अमेरिकेतलं दुकान बंद झालं असं समजायचं का?

सारखे संघ बदलणारा खेळाडू सुमार असतो, हे आधी डोक्यातून काढा. याच जॅक्सनने २०१० मध्ये ॲरिझोनाकडून नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्या संघाला एकही हिट (फटक्यावर बेस गाठणं) दिली नाही. त्यासाठी त्याला १४९ चेंडू टाकावे लागले आणि आठ वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकटचा बेस) दिले ते वेगळंच. वेग भरपूर, पण चेंडू कुठे जाईल याची खात्री नाही. शिकागो कब्जने २०१३ च्या हंगामाआधी त्याला चार वर्षांसाठी ५ कोटी २० लाख डॉलर दिले आणि मुदत संपायच्या आत, २०१५ मध्ये, मोकळं केलं. अर्थात तो या जमातीतला श्रीमंत माणूस. बहुतेक जर्नीमनांचं, म्हणजे संघ बदलत राहणाऱ्यांचं, आयुष्य मैदानापेक्षा कागदावर ठरतं.

तो कागद असा. प्रत्येक संघाची ४० जणांची यादी असते, त्यातले २६ प्रत्यक्ष मेजर लीगच्या संघात. उरलेल्यांना ‘ऑप्शन’ वापरून ट्रिपल-एला, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या लीगला, धाडता येतं. एका खेळाडूवर साधारण तीन हंगामच ऑप्शन वापरता येतो, आणि २०२२ पासून एका हंगामात जास्तीत जास्त पाच वेळाच खाली पाठवता येतं. हे तीन हंगाम संपले की खरी फरफट सुरू होते. आता त्याला खाली पाठवायचं तर आधी ४० च्या यादीतून काढावं लागतं. याला डीएफए म्हणतात. त्यानंतर संघाकडे सात दिवस असतात: तेवढ्यात त्याला दुसऱ्या संघाला द्यायचं, वेव्हरवर टाकायचं (म्हणजे इतर संघांना उचलण्यासाठी खुला करायचा) किंवा सोडून द्यायचं. वेव्हरवर कुणीही मागणी करू शकतो, पण पहिला हक्क तळाच्या संघाचा. ज्याचा डावखुरा रिलीव्हर (सामन्याच्या मध्यात येणारा पिचर) कालच जखमी झालाय असा एखादा संघ त्याला उचलतो आणि महिन्याभराने पुन्हा डीएफए करतो. विकिपीडियावर संघांची रांग वाढते ती अशी. कुणीच उचललं नाही, तर ज्याची मेजर लीगमध्ये तीन वर्षं भरलीत किंवा ज्याला पूर्वी एकदा असं यादीबाहेर केलंय, तो ट्रिपल-ए नाकारून मोकळा होऊ शकतो.

आता पैसा. २०२५ मध्ये मेजर लीगचा किमान पगार वर्षाला ७,६०,००० डॉलर होता. तो हंगामातल्या दिवसांवर वाटला जातो, म्हणजे वर असलेल्या प्रत्येक दिवसाचे साधारण ४,१०० डॉलर. याउलट ४० च्या यादीत नसलेल्या ट्रिपल-ए खेळाडूचा किमान पगार, २०२३ च्या करारानुसार, तेव्हा वर्षाला ३५,८०० डॉलर होता. अनुभवी लोक यापेक्षा जास्त ठरवून घेतात, तरी दरी केवढी आहे बघा. शिवाय १७२ दिवस भरले की सेवेचं एक वर्ष, आणि पेन्शनचा हक्क ४३ दिवसांनी. म्हणून ३५ दिवसांवर अडकलेला तिशीतला पिचर आणखी आठ दिवसांसाठी निमूटपणे एका संघाची बस सोडून दुसऱ्याची पकडतो. बाहेरच्याला हा हट्ट वाटतो.

याच टप्प्यावर कोरियाचा फोन येतो. केबीओमध्ये, म्हणजे कोरियाच्या मुख्य लीगमध्ये, १० संघ आणि प्रत्येकाकडे तीन परदेशी जागा. तिन्ही पिचर चालत नाहीत, त्यामुळे सहसा दोन पिचर आणि एक बॅटर (फटके मारणारा). २०१९ पासून पहिल्या वर्षाच्या परदेशी खेळाडूवर एकूण १० लाख डॉलरची मर्यादा आहे. यातली मेख अशी की त्याच्या अमेरिकी संघाला द्यायची रक्कमही याच १० लाखांत धरली जाते. संघाने ती ताणली तर खेळाडूच्या हातात तेवढं कमी पडतं. त्यामुळे ४० च्या यादीत अडकलेल्यापेक्षा मोकळा खेळाडू फायद्यात राहतो. तरीही ट्रिपल-ए आणि वर मिळतील न मिळतील असे ३०-४० दिवस यांची बेरीज केली, तर कोरियाचा आकडा सहज पुढे जातो. वर घर, दुभाषा आणि विमानाची तिकिटं सहसा करारातच.

जपानमध्ये पैसा जास्त मिळू शकतो, पण स्पर्धा वेगळी. संघ हवे तेवढे परदेशी ठेवू शकतो, मात्र सामने खेळणाऱ्या मुख्य संघात त्यांची संख्या मर्यादित. त्यामुळे तुमची खरी झुंज स्वतःच्याच संघातल्या परदेशी माणसाशी. हरलात की त्याच क्लबच्या दुय्यम संघात रवानगी. पगार चालू राहतो, पण पुढच्या कराराला दाखवण्यासारखे आकडे हातात राहत नाहीत.

तिथे लोक पडतात ते कुठे? बॅटर बहुतेक वेळा फोर्कबॉलवर. दोन स्ट्राइक झाल्या की जमिनीकडे पडणारा चेंडू येणार हे माहीत असतं, तरी बॅट निघते. पिचरचं दुखणं उलटं: तिथले बॅटर चेंडू फाउल करत राहतात, आणि पाचव्या इनिंगलाच (नऊपैकी पाचव्या डावात) चेंडूंची शंभरी गाठली जाते. जपानी चेंडू किंचित लहान आणि हाताला चिकटणारा, त्यामुळे पकड फायद्याची. मोठा फरक म्हणजे तिथे स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) सहसा आठवड्यातून एकदा टाकतो, तर अमेरिकेत दर पाच-सहा दिवसांनी. खांदा खुश होतो, पण परतल्यावर जड जातं. कोरियात २०२४ पासून चेंडू स्ट्राइक झोनमधून (वैध पट्ट्यातून) गेला का हे यंत्र ठरवतं, म्हणजे चेंडू आत ओढून स्ट्राइक मिळवून देणाऱ्या कॅचरची मदत संपली. उंचावरून पडणारा कर्व्ह (वळणारा चेंडू) टाकणाऱ्यांची मात्र चांदी.

परतीचं म्हणाल, तर मेरिल केली २०१५ ते २०१८ कोरियात खेळला, तिशीत ॲरिझोनाकडून मेजर लीगमध्ये पदार्पण केलं आणि २०२३ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सामना जिंकून दिला. एरिक फेडी २०२३ मध्ये कोरियाचा एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) झाला आणि दोन वर्षांच्या दीड कोटी डॉलरच्या करारावर परतला. टफी ऱ्होड्सची गोष्ट वेगळी: मेजर लीगमध्ये १३ होमरन, जपानमध्ये ४६४. त्याला अपयशी म्हणणाऱ्याशी वाद घालण्यात मी वेळही घालवत नाही.

मेक्सिको, डॉमिनिकनचं हिवाळी बेसबॉल आणि अमेरिकेतल्या स्वतंत्र लीग ही मुख्यतः दाखवायची जागा. रिच हिल २०१५ मध्ये लाँग आयलंड डक्सकडून टाकत होता, त्याच हंगामात बॉस्टनला पोचला आणि २०२५ मध्ये कॅन्सस सिटीकडून खेळून त्यानेही १४ चा आकडा गाठला.

करार वाचताना मी तीन गोष्टी बघेन: हंगामाच्या मध्यात काढलं तर उरलेला पगार हमीचा आहे का, बोनस किती डावांवर बांधलाय, आणि वर्षअखेर संघ तुम्हाला मोकळं करतो की हक्क राखतो. शेवटचा मुद्दा लोक सर्रास विसरतात. केबीओ संघाने पुढच्या करारासाठी रीतसर प्रस्ताव दिला आणि तुम्ही नाकारला, तर हक्क त्यांच्याकडेच राहतात. मग त्या लीगमधल्या दुसऱ्या संघाने दुप्पट देऊ केले तरी सही करता येत नाही.